दग्याच्या डावाचे इमानी कारभारी

‘डिप्लोमसी’ या पटावरच्या खेळात बोलण्यावर कसलंही बंधन नाही. कुणाला काय वचन द्यावं हे ज्याचं त्याने ठरवायचं, आणि दिलेलं वचन पाळलंच पाहिजे असंही नाही. सात जण टेबलाभोवती जमतात, विसाव्या शतकाच्या आरंभीच्या युरोपातल्या सात सत्ता वाटून घेतात आणि पुढचे सहा-सात तास एकमेकांना कोपऱ्यात गाठून तह करतात, मोडतात, पुन्हा करतात. फासा नाही, पत्ते नाहीत. नशिबावर ढकलावं असं काहीच नाही. जे घडतं ते माणसांच्या शब्दावर घडतं.

असा खेळ एक-दोनदा खेळून, मित्रामित्रांत अबोला धरून माळ्यावर जायला हवा होता. तो गेला नाही. साठ वर्षांहून अधिक काळ त्याच्याभोवती एक संस्था उभी आहे. तिची नोंदणी नाही, इमारत नाही, पगारी माणूस नाही; पण तिच्याकडे दप्तर आहे, परंपरा आहे, नियतकालिक आहे, संग्रह आहे आणि जागतिक स्पर्धाही आहे. तिची वाटचाल लिहावी असं मला मनापासून वाटतं, कारण दग्याची गोष्ट निघाली की सगळ्यांच्या नजरा दगा देणाऱ्याकडे वळतात. डाव मांडून देणारा, आलेले हुकूम उघडणारा आणि निकाल लिहिणारा माणूस बाजूलाच राहतो. ही संस्था उभी राहिली ती त्या माणसाच्या जिवावर.

खेळ काढला ॲलन कॅलहॅमर यांनी. जन्म १९३१ चा, वाढले शिकागोजवळच्या ला ग्रेंज पार्क या गावात. लहानपणी घराच्या माळ्यावर त्यांना भूगोलाचं एक जुनं पुस्तक मिळालं. त्यातला युरोपचा नकाशा पहिल्या महायुद्धाच्या आधीचा होता. ऑस्ट्रिया-हंगेरी, ऑटोमन साम्राज्य असे देश त्यावर होते आणि मुलाच्या शाळेतल्या नकाशावर त्यांचा पत्ता नव्हता. हे देश गेले कुठे, हा प्रश्न त्या वयात मनात बसला. पुढे हार्वर्डमध्ये सिडनी फे यांच्यासारख्या इतिहासकाराकडे त्यांनी युरोपचा इतिहास शिकून घेतला. पहिलं महायुद्ध कशातून पेटलं, कोणत्या राजधानीने कोणाला कोणतं गुप्त आश्वासन दिलं होतं, हा फे यांच्या अभ्यासाचा विषय. दुसरीकडे ‘हार्ट्स’ हा पत्त्यांचा खेळ होता. पुढे गेलेल्याला अडवायचं तर मागच्यांनी एक व्हावं लागतं, पण उघड बोलायची सोय नाही, ही त्यातली खोच कॅलहॅमर यांच्या लक्षात आली होती. बोलायची सोय दिली तर काय होईल, इथून विचार सुरू झाला.

१९५४ मध्ये खेळाचा आराखडा तयार झाला. पुढची काही वर्षं ओळखीच्यांना बसवून नियम घासूनपुसून घेण्यात गेली. मोठ्या कंपन्यांनी नकार दिला, तेव्हा १९५९ मध्ये कॅलहॅमर यांनी पदरचे पैसे घालून ५०० संच काढले. ते खपले. मग बॉस्टनच्या ‘गेम्स रिसर्च’ने खेळ हाती घेतला, १९७६ मध्ये तो ‘ॲव्हलॉन हिल’कडे गेला आणि १९९८ मध्ये ॲव्हलॉन हिलच ‘हॅसब्रो’ने विकत घेतली. मालकीची ही कहाणी इथेच सोडतो. संस्था घडली ती मालकांच्या दारात नाही.

ती का घडली हे कळायला पट जरा जवळून पाहावा लागेल.

पटावर ३४ रसदकेंद्रं आहेत. जितकी केंद्रं तितक्या फौजा आणि आरमारं. रशियाला सुरुवातीला चार, बाकी सहा सत्तांना तीन-तीन. सगळ्या तुकड्यांचं बळ सारखं. एक तुकडी दुसरीवर चालून गेली की दोन्ही जागच्या जागी अडतात. पुढे सरकायचं तर शेजारच्या दुसऱ्या तुकडीचा पाठिंबा लागतो आणि तीनच तुकड्या असलेल्या देशाला तो बहुतेक वेळा परक्याकडूनच घ्यावा लागतो. वाटाघाटी संपल्या की प्रत्येक जण आपले हुकूम कागदावर गुपचूप लिहितो आणि सगळे कागद एकदम उघडले जातात. मित्राने तुमच्यासाठी पाठिंबा खरोखर लिहिला की नाही, हे तेव्हा कळतं. तोवर तुमचा कागदही टेबलावर पडलेला असतो.

जिंकायला १८ केंद्रं लागतात. दोन मित्रांनी अगदी इमानाने अख्खा युरोप वाटून घेतला तर दोघे १७-१७ वर येऊन थांबतात. अठरावं केंद्र मित्राचंच असतं. कॅलहॅमर यांनी दगा करा असं कुठेही लिहून ठेवलेलं नाही; त्यांनी एवढा हिशेब पटात घालून ठेवला.

आता व्हेनिस आणि त्रिएस्त घ्या. पटावर दोन वेगवेगळ्या सत्तांची घरची केंद्रं एकमेकांना थेट लागून आहेत अशी ही एकच जोडी. व्हेनिसमध्ये इटलीची फौज, त्रिएस्तमध्ये ऑस्ट्रियाचं आरमार. खेळाच्या पहिल्याच फेरीत ऑस्ट्रियाला ते आरमार खाली अल्बेनियाकडे न्यायचं असतं, कारण बाल्कन तिथे आहे, वाढ तिथे आहे. ते नेलं की त्रिएस्त रिकामं. इटलीने शब्द दिलेला असतो की व्हेनिसची फौज हलणार नाही. तो शब्द खरा मानायचा का?

अमेरिकेतले जुने खेळाडू एडी बिरसन, जे पुढे कॅलिफोर्नियातल्या कॉनकॉर्ड शहराच्या नगरपरिषदेवर निवडून आले, यांनी १९७० च्या दशकात याचं एक उत्तर मांडलं. ते ‘लेपांतो’ नावाने ओळखलं जातं. ऑस्ट्रियाने इटलीवर पूर्ण विश्वास टाकायचा आणि दोघांनी मिळून तुर्कस्तानवर जायचं. इटलीची एक फौज आरमारातून आधी ट्युनिसला उतरते, नेपल्समध्ये दुसरं आरमार बांधलं जातं आणि पटावरच्या १९०२ च्या शरदात तीच फौज दोन आरमारांच्या साखळीवरून थेट सिरियात, तुर्कस्तानच्या पाठीशी. दोन वर्षांची मोहीम. आणि या दोन वर्षांत व्हेनिसची फौज कधीही त्रिएस्तमध्ये शिरू शकते. ती सहसा का शिरत नाही, याचं कारण सज्जनपणात शोधायची गरज नाही. ऑस्ट्रिया कोसळला तर त्या पडझडीतून रशिया आणि तुर्कस्तान इटलीच्या दाराशी येतात, हे शहाण्या इटलीला कळतं.

अटलांटिकच्या पलीकडे इंग्लंडमध्ये रिचर्ड शार्प यांनी नेमकं उलटं उत्तर दिलं. त्रिएस्तच्या आरमाराला पहिल्या फेरीत सरळ व्हेनिसवर जाण्याचा हुकूम द्यायचा. इटली तिथेच बसला असेल तर आरमार अडतं आणि त्रिएस्तमध्येच राहतं. इटली त्रिएस्तवर चालून आला तर दोघे एकमेकांना अडवतात, त्रिएस्त सुरक्षित. इटली दुसरीकडे गेला असेल तर व्हेनिसच पदरात पडतं. या चालीला त्यांनी ‘हेजहॉग’ म्हटलं. अंगावर काटे उभारून बसायचं, कुणावर विसंबायचं नाही. दोन्ही चाली आजही खेळल्या जातात आणि ऑस्ट्रियाला आलेला नवा माणूस त्यांतली कोणती निवडतो यावर जुने खेळाडू त्याची पारख करतात. मला स्वतःला लेपांतो अधिक मोठी वाटते. तिच्यात धोका पत्करूनच काही मिळतं.

सात माणसं सहा-सात तासांसाठी एका खोलीत आणायची कुठून, ही या खेळाची पहिली अडचण. ती १९६३ मध्ये ब्रुकलिनच्या जॉन बोर्डमन यांनी सोडवली आणि संस्थेची पायाभरणी तिथे झाली असं मी मानतो. बोर्डमन भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, विज्ञानकथांचे वाचक. त्या वाचकांच्या वर्तुळात सायक्लोस्टाइल करून, टपालाने धाडायच्या छोट्या हौशी पत्रिकांचा रिवाज होता. बोर्डमन यांनी ‘ग्राउस्टार्क’ नावाची पत्रिका सुरू केली आणि तिच्यातून डिप्लोमसीचा डाव टपालाने चालवायला घेतला.

टपालाने बुद्धिबळ त्याआधीही खेळलं जात होतं. पण तिथे पत्रातून फक्त खेळी जाते. इथे वाटाघाटीही पत्रांतूनच. जर्मनी झालेला विद्यार्थी इंग्लंड झालेल्या एखाद्या कारकुनाला तीन पानी पत्र लिहितो, त्याच दिवशी फ्रान्सला त्याच्या नेमकं उलट लिहितो, दोन्हीवर तिकिटं चिकटवतो आणि पेटीत टाकतो. हुकूम मात्र बोर्डमन यांच्या पत्त्यावर. ठरलेल्या मुदतीला ते सातही लिफाफे उघडणार, निकाल लावणार, छापणार आणि सर्वांना धाडणार. एका फेरीला काही आठवडे जायचे, एक डाव दोन-तीन वर्षं सहज चालायचा. या काळात तुमचा मित्र तुम्ही कधी डोळ्यांनी पाहिलेलाच नसायचा. त्याचं अक्षर तेवढं ओळखीचं.

बोर्डमन यांनी आणखी एक गोष्ट केली, जिच्याशिवाय ही हौस दोन-चार वर्षांत विरून गेली असती. त्यांनी डावांना क्रमांक द्यायला सुरुवात केली. साल आणि त्यापुढे अक्षर. पहिला डाव १९६३-ए. पुढे पत्रिका वाढल्या, डाव शेकड्यांनी चालू लागले, तरी अमेरिकेत कुठेही सुरू झालेल्या टपाली डावाला हा क्रमांक मिळायचा. क्रमांक देण्याचं काम एका माणसाकडून दुसऱ्याकडे हातोहात जात राहिलं. त्याला मानधन नव्हतं. कोणत्या डावात कोण कुठला देश खेळला, कोण कुठल्या साली बाद झाला, शेवट कसा झाला, ही नोंदवही म्हणजे या संस्थेचं दप्तर. गावच्या तलाठ्यासारखं हे काम: कुणाच्या कौतुकाचं नाही, पण ते नसेल तर कुठल्याच दाव्याला आधार नाही. नियमात फेरफार करून खेळल्या जाणाऱ्या डावांसाठी तर वेगळी क्रमांकव्यवस्था आणि वेगळा नोंदणारा होता.

बोर्डमन राजकारणावरची आपली मतं त्याच पत्रिकेत परखडपणे छापत. वाचक चिडत, उत्तरं लिहीत, भांडत. पण निकालांच्या पानावर त्यांच्यावर विसंबत. ‘ग्राउस्टार्क’ कित्येक दशकं निघत राहिलं.

डाव चालवणारा हा माणूस, ज्याला तिकडे गेममास्टर म्हणतात, करत काय असे? मुदतीच्या रात्री सात कागद समोर घ्यायचे. कुणी ‘व्हेनिस ते त्रिएस्त’ लिहिलंय, कुणी घाईत दुसऱ्याच प्रांताचं नाव. अक्षर लागत नाही. संदिग्ध हुकूम कसा वाचायचा, हे पत्रिकेच्या घरच्या नियमांत आधीच लिहिलेलं असतं; त्या नियमाबाहेर जाऊन ‘त्याला बहुधा असं म्हणायचं असेल’ असा कनवाळूपणा करायचा नाही. एखाद्याचं पत्रच आलं नाही तर त्याच्या सगळ्या तुकड्या त्या फेरीत जागेवर उभ्या. पत्रिकेत त्याच्या नावापुढे ‘एनएमआर’ ही तीन अक्षरं, म्हणजे हुकूम मिळाले नाहीत. एका एनएमआरने सहा जणांच्या वर्षभराच्या मेहनतीचा विचका व्हायचा, म्हणून काही जण खेळाडूंकडून आधीच अनामत घेत आणि बदली खेळाडू तयार ठेवत.

गेममास्टर कुठल्या बाजूचा नाही. पण त्याला सगळं दिसतं. कोण कुणाला फसवणार आहे हे मुदतीच्या चार दिवस आधी आलेल्या हुकमांतून त्याला कळलेलं असतं. ज्याचा घात होणार तो कदाचित त्याच आठवड्यात फोन करून सहज विचारतो की इटलीचं पत्र आलं का. उत्तर द्यायचं नाही. आवाजातूनही नाही. मला हे फार अवघड वाटतं. खेळाडू दोन-तीन वर्षांत एखाद-दुसऱ्या मोहापुढे उभा राहतो, गेममास्टर दर मुदतीला.

आणि चूक झाली तर ती छापायची. निकाल लावताना पाठिंबा तुटला की टिकला यात गफलत व्हायची. मग पुढच्या अंकात दुरुस्ती, कधी आख्खी फेरी मागे घेऊन नव्याने हुकूम. शंभर-दोनशे वाचकांसमोर आपली चूक स्वतःच्याच पत्रिकेत, स्वतःच्याच खर्चाने सांगायची, ही शिस्त त्या हौशी माणसांनी आपसूक अंगी बाणवली.

खोटेपणाच्या हद्दीही याच काळात आखल्या गेल्या. पत्रिकांत ‘प्रेस’ नावाचा मजकूर असे. खेळाडू आपापल्या राजधानीतून बातम्या सोडत, राजांची भाषणं लिहीत, अफवा पेरत. कुणी दुसऱ्याच देशाच्या नावाने मजकूर छापून आणी. एखादा तर मित्राच्या नावाने बनावट पत्र तयार करून तिसऱ्याला पाठवी. हे बऱ्याच ठिकाणी खपवून घेतलं जाई. पण गेममास्टरच्या नावाने बनावट पत्र, बनावट निकाल, मुदत पुढे गेल्याची बनावट सूचना, हे बहुतेक ठिकाणी चालत नसे. एकाच माणसाने दोन नावांनी एकाच डावात दोन देश घेणं चालत नसे. एका डावातली मदत दुसऱ्या डावात फेडण्याचा सौदा करणं वाईट समजलं जाई, कारण मग समोरच्या पटावरचा दगा आणि मैत्री दोन्ही खोटी ठरतात. बाहेरच्याला हे विचित्र वाटेल की जिथे मित्राला बुडवणं मान्य आहे तिथे दोन नावं घेण्यावरून माणसं एवढी पेटून उठतात. मला त्यात काहीच विचित्र दिसत नाही. पटावर फसलेला माणूस हरतो आणि पुढच्या डावाला बसतो. पटच खोटा निघाला तर तो पुन्हा कशाला बसेल?

या काळातली मला सर्वांत भावलेली व्यवस्था ‘अनाथ डावां’ची. पत्रिका चालवणारा माणूस लग्न करतो, नोकरी बदलतो, थकतो, आजारी पडतो. अंक यायचे बंद होतात. पत्रांना उत्तर नाही. त्याच्याकडे चाललेले पाच-सहा डाव अधांतरी. अशा डावांना अनाथ म्हणत आणि अमेरिकेत त्यांच्यासाठी स्वयंसेवकांची वेगळी व्यवस्था होती. कुणीतरी शेवटचा छापील अंक मिळवायचा, त्यावरून पट पुन्हा मांडायचा, सात जणांना लिहायचं, कोण अजून खेळायला तयार आहे ते विचारायचं आणि दुसऱ्या एखाद्या पत्रिकेच्या दारात तो डाव नेऊन ठेवायचा. ज्या डावात आपण खेळत नाही, ज्यातल्या कुणालाही ओळखत नाही, अशा डावासाठी तिकिटं आणि संध्याकाळी खर्चणारी ही माणसं. नव्या ठिकाणी डाव लागला की त्यातले खेळाडू पुन्हा एकमेकांना बुडवायला मोकळे.

१९६९ मध्ये डॉन टर्नबुल यांच्या ‘ॲल्बियन’ या पत्रिकेने ब्रिटनमध्ये ही टपाली परंपरा नेली. मागोमाग शार्प यांची ‘डॉल्शश्टॉस’ आली. तिचा सूर अधिक तिखट, अधिक वाङ्मयीन. १९७८ मध्ये त्यांनी या खेळावर आख्खं पुस्तकच लिहिलं. अमेरिकेत इंडियानाच्या वॉल्टर बुकॅनन यांनी १९७४ मध्ये ‘डिप्लोमसी वर्ल्ड’ सुरू केलं. त्यात डाव चालवण्यापेक्षा सगळ्या हौशी जगाला जोडणारा मजकूर द्यायचा, असं धोरण होतं. चालींची चर्चा, वाद, मृत्युलेख, नव्या पत्रिकांच्या खबरा. ते संपादक बदलत, अधूनमधून धापा टाकत चालत राहिलं आणि आता जालावर विनामूल्य निघतं. अंकांनी दीडशेचा आकडा कधीच ओलांडला आहे. बुकॅनन यांनी इतर पत्रिकांचे अंकही नेमाने जमवले. ‘हूजियर आर्काइव्ह्ज’ या नावाने ओळखला जाणारा तो संग्रह पुढे ओहायोतल्या बोलिंग ग्रीन विद्यापीठाच्या लोकसंस्कृती ग्रंथालयात गेला. घरच्या खोलीत साठलेले सायक्लोस्टाइलचे गठ्ठे विद्यापीठाच्या कपाटात पोहोचले, ही संस्थेच्या आयुष्यातली मोठी घटना.

कॅलहॅमर मात्र या सगळ्यापासून थोडे लांब होते. काही वर्षं त्यांनी एका कंपनीच्या संशोधन विभागात काम केलं, मग आपल्या गावी परतले आणि जवळपास दोन दशकं ला ग्रेंज पार्कमध्ये टपाल वाटण्याची नोकरी केली. त्यांच्या खेळातली वचनं देशभर टपालातून फिरली आणि तेही रोज खांद्याला झोळी लावून लोकांची पत्रं पोचवत राहिले. २०१३ मध्ये ते वारले.

टपालाने खेळणाऱ्यांना एकमेकांची तोंडं पाहावीशी वाटू लागली होतीच. अमेरिकेत १९६० च्या दशकापासून मेळावे भरत होते. पहिली जागतिक स्पर्धा १९८८ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला झाली. मग ती अमेरिकेला गेली, ऑस्ट्रेलियाला गेली, युरोपात फिरली. समोरासमोरच्या स्पर्धेत गेममास्टरची जागा स्पर्धासंचालक घेतो आणि घड्याळ टपालाची. बरोबरीत सुटलेल्या डावाचे गुण कसे द्यायचे, यावर तिथे जे वाद झाले ते अजून मिटलेले नाहीत. बरोबरीला जास्त गुण दिले तर युती टिकते, केंद्रांच्या संख्येला दिले तर शेवटच्या तासात सुरे निघतात. म्हणजे खेळाडू किती प्रामाणिक राहील हे काही अंशी गुणतक्ता लिहिणाराच ठरवतो. ही जबाबदारी संचालकांना कळते, म्हणून तर वाद एवढे कडवट होतात.

पहिल्या जागतिक स्पर्धेच्याच सुमारास वॉशिंग्टन विद्यापीठाच्या केन लो यांनी ईमेलवर हुकूम घेऊन आपोआप निकाल लावणारा प्रोग्राम लिहिला. त्याचं नावच ‘जज’. रात्री लिफाफे उघडून बसण्याचं काम संपलं. पाठिंबा तुटला की टिकला यात गफलत होईना, आणि तीन आठवड्यांची फेरी तीन दिवसांवर आली. छापील पत्रिका एकेक करत आटल्या. २००४ पासून ‘वेबडिप्लोमसी’सारखी संकेतस्थळं आली आणि जगभरातून कुणीही, कुठल्याही टोपणनावाने डावात बसू लागला.

यंत्राने निकाल लावले म्हणून कारभाऱ्याचं काम संपलं नाही, ते दुसरीकडे सरकलं. आता प्रश्न असा की सात खात्यांमागे सात माणसं आहेत का. एका घरातले दोघे भाऊ एकाच डावात आहेत का. बाहेर ठरवून आलेली जोडी आहे का. या संकेतस्थळांवरही नियम तोच: पटावर वाटेल तेवढं खोटं बोला, खातं एकच ठेवा आणि संगनमत डावाबाहेरून आणू नका. ते तपासणारे स्वयंसेवक आजही बिनपगारी आहेत आणि एकही तक्रार हलक्याने घेत नाहीत. टाळेबंदीच्या २०२० सालात स्पर्धा व्हिडिओवर आल्या तेव्हा तर या लोकांनी कित्येक रात्री जागवल्या.

जालावर आल्याने एक नवी गोष्ट घडली. सगळी बोलणी जशीच्या तशी साठून राहू लागली. २०१५ मध्ये व्लाद निकुलाए, क्रिस्टियन दानेस्कु-निकुलेस्कु-मिझिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा सुमारे अडीचशे डावांतले संदेश तपासले. दीर्घ मैत्री तुटायच्या आधी भाषेत काही हलतं का, हा त्यांचा प्रश्न होता. हलतं. मैत्रीतला तोल ढळतो. दगा देणारा एकाएकी नेहमीपेक्षा गोड बोलू लागतो, आणि ज्याचा घात व्हायचा असतो तो पुढच्या फेऱ्यांचे बेत अधिक आखत बसतो. या खुणांवरून संगणकाने १०० पैकी ५७ वेळा घात होणार की नाही हे बरोबर ओळखलं. ५७ हा आकडा फार मोठा नाही. पण प्रत्यक्ष बळी पडलेल्यांना यातलं काहीच जाणवलेलं नव्हतं, हे वाचताना मला चटका लागला. आपण बेत आखण्यात गुंतलेले असतो तेव्हाच समोरचा उठून गेलेला असतो.

मग यंत्र स्वतःच पटावर आलं. तसे प्रयत्न जुने होते. जेरुसलेममध्ये सारित क्राउस यांनी १९८० च्या दशकातच ‘डिप्लोमॅट’ नावाचा प्रोग्राम बांधला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटा कंपनीच्या संशोधकांनी ‘सिसेरो’ जाहीर केला. ४० हजारांहून जास्त डावांतली बोलणी त्याला शिकवली होती. वेबडिप्लोमसीवर ४० डावांत तो माणसांशी खेळला आणि एकाहून अधिक डाव खेळलेल्या खेळाडूंत वरच्या दहा टक्क्यांत बसला. समोर यंत्र आहे असा संशय चालू डावांतल्या संदेशांत दिसला नाही. तो बहुतांशी प्रामाणिक राहील असा बांधला आहे, असं संशोधकांचं म्हणणं होतं.

२०२४ मध्ये पीटर पार्क आणि इतर अभ्यासकांनी त्याच डावांतली उदाहरणं पुढे ठेवली. फ्रान्स म्हणून खेळताना सिसेरोने जर्मनीशी उत्तर समुद्रात घुसायचं ठरवलं आणि मग इंग्लंडला सांगितलं की तिथे कुणी आलं तर मी तुझ्या पाठीशी उभा आहे. इंग्लंडचा विश्वास बसल्याचं पाहून जर्मनीला तसं कळवलं. हे वाचून खेळाडू फारसे हादरले नसतील. अशी चाल १९६३ पासून टपालात फिरते आहे. मला खटकलं ते दुसरं उदाहरण. एका डावात सिसेरोची यंत्रणा दहा मिनिटं बंद पडली. कुठे होतास, असं कुणी विचारल्यावर त्याने सांगितलं की मैत्रिणीशी फोनवर बोलत होतो. या उत्तराने एकही प्रांत मिळणार नव्हता. ते खोटं इंग्लंड-फ्रान्समधलं नव्हतं. खुर्चीत कोण बसलंय याबद्दलचं होतं, आणि याच एका बाबतीत ही संस्था साठ वर्षं कडक राहिली आहे.

म्हणून यंत्रांना डावात घेताना त्यांची नोंद उघड असावी, असं माझं स्पष्ट मत आहे. जुन्या पत्रिकांत खेळाडूंची नावं-पत्ते पहिल्या अंकातच छापत; तसंच खात्यापुढे ते यंत्राचं आहे हे लिहावं. मग त्याने हवं तेवढं फसवावं.

आणखी एक काम कुणीतरी हाती घ्यावं. संशोधकांचं लक्ष आजवर दगा देणाऱ्यांच्या आणि दगा खाणाऱ्यांच्या संदेशांवर राहिलं, कारण ते जालावर सहज हाती लागतात. बोलिंग ग्रीनच्या संग्रहातली निकालपत्रं, चुकांच्या दुरुस्त्या, मागे घेतलेल्या फेऱ्या, अनाथ डावांच्या हस्तांतरणाच्या नोंदी यांच्यावर कुणा विद्यार्थ्याने दोन-तीन वर्षं घालवावीत. कोणत्या गेममास्टरने किती चुका स्वतःहून छापल्या, कुणी वाचकाने दाखवल्यावर छापल्या आणि त्यानंतर त्याच्या डावांत खेळाडू टिकले की गेले, एवढं मोजलं तरी पुष्कळ हाती लागेल.